गुहागर-विजापूर रस्त्यावरची मोटारसायकल

लांब पल्ल्याच्या मोटारसायकलची परीक्षा पुणे-बेंगळुरू महामार्गावर घेऊ नये. तिथे कुठलीही गाडी चांगलीच वाटते. परीक्षा घ्यावी ती गुहागर-विजापूर रस्त्यावर. हा रस्ता कुंभार्ली घाट चढून सातारा जिल्ह्यात शिरतो, कोयनानगर, पाटण करत कऱ्हाडला येतो, तिथे मोठा महामार्ग ओलांडतो आणि विटा, भिवघाट, नागज असा जतकडे निघून जातो. कोयनानगरला वर्षाला 5000 मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो, जतला 500च्या आसपास. मधलं अंतर 200 किलोमीटरही नाही. सकाळी धुक्यातल्या शेवाळलेल्या वळणांवर असलेली गाडी दुपारच्या जेवणाला तापलेल्या माळावर असते. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे एवढ्याशा पट्ट्यात चाकांना, चेनला, ब्रेकला आणि दिव्यांना जे काही दाखवतात, ते दुसरीकडे बघायला फार हिंडावं लागतं.

स्पोर्ट टूरिंग हा प्रकार मुळात युरोपातल्या रस्त्यांसाठी घडला. शर्यतीच्या गाडीची चपळाई, पण दिवसभर बसता येईल अशी बैठक, वारा अडवणारी काच, मागे सामान आणि जोडीदाराला जागा. आपल्याकडे आधी लांबचा पल्ला म्हटलं की बुलेट किंवा येझदी. 2003 साली हिरो होंडाची 223 सीसीची करिझ्मा आली आणि मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला पहिल्यांदा पुढे काच असलेली, न थकता पळणारी गाडी मिळाली. डिसेंबर 2016 मध्ये बजाजने 373 सीसीची, पाण्याने इंजिन थंड ठेवणारी डॉमिनार दीड लाखाच्या आसपास आणली. चाकणला बनणारी ही गाडी सातारा-सांगलीकरांसाठी जवळजवळ घरचीच. आज एमएच-11, एमएच-10 आणि कऱ्हाडची एमएच-50 अशा पाट्या लावलेल्या या जातीच्या गाड्या कास, ठोसेघर, महाबळेश्वरच्या वाटेवर दर रविवारी दिसतात.

पण गाडी विकत घेणं आणि ती राखणं वेगळं. राखण्याच्या बाबतीत या दोन जिल्ह्यांची पुण्याई मोठी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सुरू केलं ते सायकलचं दुकान होतं. त्याच हातांनी पुढे लोखंडी नांगर घडवला आणि 1910 मध्ये, औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळावर, आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी 1922 मध्ये कारखाना काढला. तिथेही आधी नांगर, मग डिझेल इंजिनं. 1937 साली हेच कूपर काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. आणि 1975 साली राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून ‘महाराष्ट्र स्कूटर्स’ स्थापन केली. तिचा कारखाना साताऱ्याला. ‘प्रिया’ ही टू-स्ट्रोक स्कूटर तिथे तयार व्हायची आणि नंबर लावून वाट पाहावी लागण्याच्या त्या काळात तिचं नाव घरोघरी माहीत होतं. गिअरच्या स्कूटरची सद्दी संपली, तसं तिथलं स्कूटरचं उत्पादन थांबलं. डाय आणि जिग-फिक्श्चरचं काम उरलं.

हे सगळं इथे सांगण्याचं कारण आहे. नांगर, पाण्याचे पंप, डिझेल इंजिनं यांच्यामागे लेथ आले, लेथमागे फिटर आले. म्हणून आजही सांगली-मिरजेच्या किंवा कऱ्हाडच्या औद्योगिक वसाहतीत मागच्या बॅगांसाठी लोखंडी स्टँड हवा म्हटलं, तर माप घेऊन पाइप वाकवून देणारा माणूस सापडतो. त्याच्या हातचा स्टँड दिसायला परदेशी स्टँडइतका देखणा नसेल, पण वाकला तर कुठल्याही गावात वेल्डिंग करून सरळ होतो. माझ्या मते प्रवासाच्या गाडीला हाच गुण लागतो. सामान मात्र जितकं खाली आणि मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे राहील तितकं चांगलं. आसाच्या मागे टांगलेली जड पेटी पुढचं चाक हलकं करते आणि वेगात हँडल थरथरायला लागतं.

आता रस्त्यावर येऊ. कुंभार्ली चिपळूणच्या बाजूला उतरताना ब्रेकचा कस लागतो. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषून घेतं, आणि कोयनेच्या खोऱ्यात ओलीला तोटा नाही. डॉट-4 दर्जाचं ताजं तेल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा 155 अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक दाबूनच ठेवला की तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर मुठीपर्यंत येऊनही गाडी थांबत नाही. हे तेल दोन वर्षांनी बदलायचं असतं. त्याला खर्च अगदी किरकोळ, तरी सर्व्हिसिंगच्या यादीतून नेमकं तेच सुटतं. उताराला गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, इंजिनालाच वेग धरू द्यावा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरणाऱ्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं, असं करू नका.

पावसातून आलेली चेन त्याच दिवशी पुसावी. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे. पेट्रोलने धुऊ नये, कारण चेनच्या सांध्यांत रबराच्या बारीक कड्या असतात, त्या कडक होऊन तडकतात आणि आतलं ग्रीस निघून जातं. मग सैलपणा बघायचा. दोन्ही चक्रांच्या मधोमध चेनचा खालचा पदर बोटाने वरखाली हलवायचा. बहुतेक गाड्यांत तो 25 ते 35 मिलीमीटर हलला पाहिजे; नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात असतो. चेन सगळीकडे सारखी ताणली जात नाही. म्हणून चाक हळूहळू फिरवत सगळ्यात घट्ट जागा शोधायची आणि माप तिथे धरायचं. बायको-मुलांसह किंवा सामान लादून निघालं की मागचा भाग बसतो आणि चेन आणखी ताणली जाते. हौसेने घट्ट केलेली चेन बेअरिंग खाते, शेवटी गिअरबॉक्सपर्यंत जाते. आणि एक गोष्ट याच रस्त्याने शिकवलेली. पाटणच्या पावसात चिकट, जाड वंगण चेनवर टिकतं म्हणून बरं. तेच जतच्या माळावर धूळ धरून ठेवतं आणि दात घासून काढतं. कोरड्यात 90 नंबरचं गिअर ऑइल पातळ हाताने लावावं आणि फडक्याने पुसून घ्यावं.

पेट्रोलचाही विचार करावा लागतो, आणि इथे कृष्णाकाठचा ऊसच टाकीत येऊन बसला आहे. पेट्रोलमधलं इथेनॉल आता 20 टक्क्यांवर गेलं आहे. कारखान्यांना, शेतकऱ्यांना त्याचा आधार आहे, हे मी मनापासून मानतो. नीती आयोगाच्या 2021च्या आराखड्यात जुन्या बेताच्या दुचाकींचं मायलेज या मिश्रणाने 3 ते 4 टक्के घटेल, असा अंदाज दिला होता. त्यापेक्षा मोठा प्रश्न उभ्या राहणाऱ्या गाडीचा. इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळाभर गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या कार्ब्युरेटरवाल्या करिझ्माचं किंवा आरएक्सचं पेट्रोल काढून ठेवावं, निदान फ्लोट चेंबर तरी रिकामं करावं. जुने रबरी पाइप आणि वायसर बदलून घ्यावेत.

गाडी सजवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सायलेन्सर बदलून गावाला झोपेतून उठवणं याला मी सजवणं म्हणत नाही. 175 सीसीवरच्या दुचाकीला कारखान्यातून निघताना 80 डेसिबलची मर्यादा असते, आणि मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलात मनमानी फेरफार करता येत नाही. बदल करायचाच तर पहिला टायरचा. बाजूला कोरलेल्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांचं कडक झालेलं रबर ओल्या घाटात भरवशाचं नाही. दुसरा खर्च दिव्यांवर, पण तो जपून.

कारण कऱ्हाडच्या पुढे रात्री गाठ पडते ती उसाच्या ट्रॉलीशी. एका ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे बाहेर आलेले, मागचा दिवा असला तरी वाढ्याखाली झाकलेला. ट्रॅक्टर ताशी 20 ने चालतो, मोटारसायकल 80 ने. म्हणजे दोघांतलं अंतर सेकंदाला 16 मीटरहून जास्त वेगाने कमी होतं. डिपरवर ट्रॉली 50 मीटरवर दिसली, तर हातात जेमतेम तीन सेकंद. त्यात डोळ्यांनी पाहायचं, मनाने ओळखायचं आणि ब्रेक लावायचा. शेताच्या वाटेवरून ट्रॉलीच्या टायरांनी आणलेली ओली काळी माती डांबरावर पडलेली असते, ती वेगळीच.

म्हणून जादा दिवे लावावेत, पण रिले आणि फ्यूज टाकूनच. 20 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर साधारण सव्वातीन अँपिअर ओढतात. त्यांना 5 अँपिअरचा फ्यूज पुरतो. मूळ वायर कापून थेट जोडलेल्या दिव्यांनी आधी स्विच जळतो, मग कधीतरी गाडी रस्त्यात बंद पडते. धुक्यासाठी पिवळा, खाली झुकवलेला उजेड चांगला. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा पांढरा झोत दोघांनाही धोक्यात घालतो. आणि खरं सांगायचं तर रात्रीचा वेग 80 वरून 50 वर आणला, तर तीन सेकंदांचे सहा होतात. एवढी सोय कुठलाही दिवा करत नाही.

हा अंक हातात पडेल तेव्हा गाळपाची धांदल सुरू होत असेल. साखर कारखान्यांच्या संचालकांना आणि ट्रॅक्टरमालकांना विनंती आहे: ट्रॉली फडात जाण्याआधी तिच्या मागच्या फळीवर, ऊस भरल्यावरही दिसेल अशा उंचीवर, लाल परावर्तक पट्टी लावा. आणि दिवाळीत गाडी काढणाऱ्या मित्रांनो, नवी काच आणि नवे स्टिकर घेण्याआधी ब्रेकचं तेल, चेन आणि टायरवरची तारीख बघून घ्या.