मूळ सांभाळा, फूल येईल

मुलांनो, पुणे जिल्ह्यातील चिखलीचे नाव तुम्ही ऐकले आहे का? पिंपरी-चिंचवड शहराचा हा एक भाग आहे. त्याच्या उत्तरेकडून इंद्रायणी नदी वाहते. पूर्वी चिखली हे शेतीचे गाव होते. १९९७ साली ते महानगरपालिकेत आले. आज तेथे कारखाने, वर्कशॉप आणि उंच इमारती आहेत. इमारतीत राहणाऱ्यांना अंगण नसते. म्हणून लोक बाल्कनीत कुंड्या ठेवतात. तुळस, मोगरा, मनीप्लँट यांच्या जोडीला आता आमरीही दिसू लागली आहे. आमरी म्हणजेच ऑर्किड.

बाजारात सर्वांत जास्त मिळणाऱ्या आमरीचे नाव फॅलेनॉप्सिस असे आहे. याचा अर्थ 'पतंगासारखी दिसणारी'. ब्लूम नावाच्या शास्त्रज्ञाने १८२५ साली तिला हे नाव दिले. तिची फुले दोन-तीन महिने टिकतात. पण ती गळून गेली, की पुढे काय होते? पाने सुरकुततात आणि लोळू लागतात. घरातील माणसांना वाटते, झाड तहानले आहे. ती रोज पाणी घालू लागतात. झाड आणखी कोमेजते आणि एक दिवस मरते. पाणी घालूनही ते का मेले? हे समजून घ्यायचे तर पाने सोडून मुळांकडे पाहावे लागेल.

येथे एक गंमत सांगतो. उर्दूत आपण ज्याला 'जड़' म्हणतो, त्याला मराठीत 'मूळ' म्हणतात. मराठीत 'जड' म्हणजे वजनदार. आमरीच्या बाबतीत हे दोन्ही शब्द लक्षात ठेवा. तिच्या मुळाला जड माती सोसत नाही.

पुणे जिल्ह्यातच भीमाशंकरचे जंगल आहे. तेथे आणि सह्याद्रीत इतर ठिकाणीही अनेक प्रकारच्या आमरी झाडांच्या फांद्यांवर वाढतात. त्या बांडगुळासारख्या झाडाचा रस शोषत नाहीत. त्या फांदीचा फक्त आधार घेतात. त्यांची मुळे उघड्या हवेत असतात. पाऊस आला की ती भिजतात आणि वारा लागला की सुकतात. या मुळांवर स्पंजासारखे एक आवरण असते. ते पाणी झटकन शोषून घेते. कोरडे असताना मूळ चांदीसारखे पांढरट दिसते. भिजले की आतला हिरवा रंग दिसू लागतो.

फॅलेनॉप्सिसची मुळेही अशीच असतात. आता हे मूळ कुंडीतल्या ओल्या मातीत दाबले तर काय होईल? मातीतील पोकळ्या पाण्याने भरतील. मुळाला हवा मिळणार नाही. ते गुदमरेल, त्यावर बुरशी येईल आणि ते कुजेल. कुजलेले मूळ पाणी वर पोहोचवू शकत नाही. म्हणून कुंडीत पाणी असूनही पाने तहानलेली राहतात. अशा वेळी अधिक पाणी घालणे म्हणजे आजार वाढवणे होय.

तुमच्या घरी किंवा शेजारी अशी आजारी आमरी असेल, तर तिला वाचवता येते. झाड कुंडीतून अलगद काढा. मुळे पाण्याने धुऊन बोटांनी चाचपून पाहा. टणक मूळ जिवंत असते. तपकिरी, मऊ किंवा पोकळ मूळ मेलेले असते. त्याची साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. घरातील मोठ्या माणसांच्या मदतीने कात्री ज्योतीवर तापवून, गार करून घ्या. मेलेली मुळे कापून टाका. कापलेल्या जागी थोडी दालचिनीची पूड लावा. मग झाड एक दिवस सावलीत कोरडे होऊ द्या.

नवी कुंडी लहान आणि भरपूर भोके असलेली घ्या. तिच्यात माती घालू नका. लाकडी कोळशाचे तुकडे, विटांचे खडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरा. सोडण आधी पाण्यात भिजवून दोन-तीन वेळा धुवा. पारदर्शक प्लास्टिकची कुंडी मिळाली तर उत्तम, कारण तिच्यातून मुळांचा रंग दिसतो.

पाणी केव्हा घालायचे, हे मुळेच सांगतात. मुळे हिरवी असतील तर थांबा. पांढरट झाली की सकाळी कुंडी दहा मिनिटे पाण्यात ठेवा आणि नंतर पूर्ण निथळू द्या. उन्हाळ्यात हे लवकर लवकर करावे लागेल, पावसाळ्यात उशिरा. पानांच्या मधोमध पाणी साचले तर शेंडा कुजतो. तेथील पाणी कापसाने टिपून घ्या. बोअरचे किंवा टँकरचे पाणी अनेकदा जड असते. त्यातील क्षारांचा पांढरा थर मुळांवर बसतो. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले.

आजारी झाडाला खत देण्याची घाई करू नका. नव्या मुळांची हिरवी टोके दिसू लागली, की पातळ केलेले खत पंधरा दिवसांतून एकदा द्या. नवी मुळे यायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. तोपर्यंत धीर धरा.

मुळे सावरली की फुलांचा विचार करावा. कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवा. सकाळचे कोवळे ऊन चालते, पण दुपारच्या उन्हाने पाने करपतात. पाने फार गडद हिरवी असतील, तर उजेड कमी पडतो आहे असे समजा. फॅलेनॉप्सिसला फुलायला थोडा गारवा लागतो. चिखलीच्या बाजूला नोव्हेंबरमध्ये रात्री गार होऊ लागतात. हा गारवा काही आठवडे मिळाला, की सशक्त झाडाला फुलाचा दांडा येतो. मात्र पारा १५ अंशांच्या खाली जाऊ लागला, तर कुंडी आत घ्या. मूळ आणि दांडा यांतील फरक ओळखायला शिका. मुळाचे टोक गोल व गुळगुळीत असते. दांड्याचे टोक चपटे असून त्यावर पापुद्रे दिसतात.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. सहलीला गेल्यावर जंगलातील आमरी झाडावरून ओरबाडून आणू नका. सह्याद्रीत दिसणारी सीतेची वेणी ही अशीच एक सुंदर आमरी आहे. आसामात तिला कपौ फूल म्हणतात. ते त्या राज्याचे राज्यफूल आहे. फांदीवरून उपटताना तिची मुळे तुटतात आणि घरी आणल्यावर ती बहुधा मरते. अभयारण्यातील वनस्पती तोडणे हा कायद्यानेही गुन्हा आहे. रोपवाटिकेत वाढवलेली आमरीच विकत घ्या.

मुलांनो, एखादे झाड कोमेजलेले दिसले, की आपला हात लगेच पाण्याच्या तांब्याकडे जातो. त्याआधी क्षणभर थांबा. कुंडी हातात घ्या आणि मुळे कशी आहेत ते पाहा. झाडाला काय हवे आहे, ते तुम्हांला तेथेच कळेल.