एका यूएसबी अनुयोजकाद्वारे अनेक क्रमिक पद्धती

संगणकाला यूएसबी उमजते. प्रयोगशाळेतील लहान संवेदकाला यूएआरटी, आय-टू-सी अथवा एसपीआय यांपैकी एखादीच पद्धती कळते. या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या साधनांपैकी स्कॉटलंडमधील एफटीडीआय कंपनीची एफटी२३२एच ही चिप विशेष विचारार्ह आहे. कारण तिच्या त्याच मोजक्या टोकांवर, केवळ आज्ञावली बदलून, या तिन्ही पद्धती चालविता येतात.

यूएआरटीत कालस्पंदाची तार नसते. वेग आधी ठरवून घेतला आणि एकाचे प्रेषण दुसऱ्याच्या ग्रहणाला जोडले की काम भागते. एसपीआयच्या चार तारा बहुधा त्रास देत नाहीत. फिलिप्स कंपनीने १९८२ साली काढलेली आय-टू-सी पद्धती मात्र दोनच तारांवर चालते, आणि गफलत होते ती बहुतेक तेथेच. या पद्धतीत प्रत्येक घटक तार फक्त खाली ओढतो. ती वर नेण्याचे काम रोधकांचे असते. शिवाय एफटी२३२एचवर जाणाऱ्या व येणाऱ्या माहितीची टोके निराळी असल्यामुळे ती बाहेरून एकत्र जोडावी लागतात. हा जोड राहून गेल्यास संवेदकाचे उत्तर ऐकूच येत नाही, आणि निर्दोष संवेदक बाद ठरतो.

बॉश कंपनीचा बीएमपी२८० हा वायुदाब-संवेदक आय-टू-सी व एसपीआय या दोन्ही पद्धती जाणतो. आय-टू-सीवर त्याचा पत्ता षोडशमानात ७६ किंवा ७७ असतो. ७६ हा पत्ता तारेवर एक स्थान डावीकडे सरकतो व लेखनासाठी ‘ईसी’ होतो. हे सरकविणे आज्ञावलीलाच करावे लागते. ‘डी०’ या नोंदस्थानातून ५८ हा षोडशमान अंक वाचता आला, म्हणजे जोडणी बरोबर आहे असे समजावे. परंतु त्याचे निवड-टोक एकदा जरी खाली गेले, तरी वीज तोडून पुन्हा देईपर्यंत आय-टू-सी बंद राहते. एसपीआयचा प्रयोग आटोपून लगेच आय-टू-सीकडे वळणारा विद्यार्थी येथे हमखास फसतो.

विद्युद्दाबाची चूक याहून महाग पडते. अनुयोजकाची टोके ५ व्होल्ट सोसतात, संवेदकाची कमाल पुरवठा-मर्यादा मात्र ३.६ व्होल्ट आहे. तेव्हा यूएसबीचे ५ व्होल्ट त्याला थेट देऊ नयेत.

यूएसबीचा ४८० मेगाबिटांचा वेगही फसवा आहे. प्रत्येक लहान प्रश्नाला संगणकापर्यंतची फेरी घडते व वेळ त्या फेरीतच जातो. म्हणून अनेक आज्ञा एकत्र बांधून पाठवाव्यात. सेकंदाला दहा-वीस वाचने हवी असल्यास इतकेही करण्याचे कारण नाही.