मंचाचे आश्वासन आणि मालकीचा प्रश्न

संगणकाच्या जगात दर काही वर्षांनी एखादा नवा मंच अवतरतो आणि आता पूर्वीच्या साऱ्या अडचणी मिटल्या, अशी द्वाही फिरवली जाते. एप्रिल २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'सिल्व्हरलाइट' या नावाने असाच एक मंच जाहीर केला. १२ ऑक्टोबर २०२१ रोजी कंपनीने त्याचा आधार अधिकृतपणे काढून घेतला. चौदा वर्षांच्या या आयुष्यक्रमाकडे केवळ तंत्रज्ञांचा विषय म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. त्यात अर्थशास्त्राचा एक जुनाच प्रश्न दडलेला आहे.

२००७ च्या सुमारास ब्राउझरला मजकूर आणि चित्रे दाखवता येत. चित्रफीत दाखवण्याची सोय त्यात उपजत नव्हती. त्यासाठी प्लग-इन नावाची निराळी पुरवणी बसवावी लागे. या क्षेत्रात 'फ्लॅश'चे जवळजवळ एकछत्री राज्य होते. फ्लॅशची मालकी असलेली मॅक्रोमीडिया ही कंपनी २००५ च्या अखेरीस अ‍ॅडोबीने विकत घेतली होती, आणि त्याच वर्षी सुरू झालेले यूट्यूबही फ्लॅशच्याच आधाराने चालत होते. या मक्तेदारीला आव्हान म्हणून सिल्व्हरलाइट पुढे आले.

त्याचे आश्वासन पोकळ होते असे म्हणता येणार नाही. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून सी-शार्पसारख्या परिचित भाषेत ब्राउझरमध्ये चालणारी अनुप्रयोग-रचना शक्य झाली. जोडणीचा वेग कमी-अधिक होईल तसा चित्राचा दर्जा आपोआप बदलण्याची सोयही त्यात पुढे आली. बीजिंग ऑलिंपिकचे इंटरनेटवरील प्रक्षेपण अमेरिकेत एनबीसीने २००८ मध्ये याच मंचावरून केले. नेटफ्लिक्सनेही त्याच वर्षी त्याचा आश्रय घेतला. साहजिकच अनेक प्रोग्रॅमरांनी ही विद्या मन लावून शिकून घेतली.

परंतु २००७ मध्येच बाजारात आलेल्या आयफोनच्या ब्राउझरने प्लग-इनना दारातच अडवले. फ्लॅशला आपल्या यंत्रात स्थान का नाही, हे स्टीव्ह जॉब्ज यांनी एप्रिल २०१० मध्ये जाहीर पत्र लिहून सांगितले. त्यातील बरेचसे युक्तिवाद सिल्व्हरलाइटलाही लागू पडत होते. दरम्यान कोणाही एका कंपनीच्या मालकीचे नसलेले एचटीएमएल-५ हे मानक आकाराला येत होते आणि त्यात चित्रफितीची सोय मुळातच होती. ऑक्टोबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने धोरण बदलल्याचे सूचित केले. डिसेंबर २०११ मधील पाचवी आवृत्ती ही शेवटची मोठी आवृत्ती ठरली. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एज हा नवा ब्राउझर आणला, तेव्हा सिल्व्हरलाइटला खुद्द मालकाच्या घरातही जागा उरली नव्हती!

या व्यवहारात खर्च कोणाचा झाला? सिल्व्हरलाइट वापरणाऱ्यांना ते विनामूल्य मिळत होते. पण मंच ही दुतर्फी बाजारपेठ असते. एका बाजूला प्रेक्षक, दुसऱ्या बाजूला निर्माते, आणि एकाची संख्या वाढली की दुसऱ्याला येणे भाग पडते. निर्मात्याने त्या मंचासाठी घातलेला वेळ, मिळवलेले कौशल्य आणि रचलेले साहित्य ही त्याची गुंतवणूकच होय. आणि ती बरीचशी दुसरीकडे हलवता येत नाही. मंच बंद होतो तेव्हा कंपनीच्या दृष्टीने एक उत्पादन कमी होते. त्यावर संसार मांडणाऱ्याचे मात्र भांडवलच बुडते.

हा प्रश्न खाजगी धंद्यापुरताही मर्यादित नाही. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याचे काही अर्ज फ्लॅशवरच अवलंबून होते. ते चालू राहावेत म्हणून जानेवारी २०२१ मध्ये त्या सरकारी खात्याला स्वतःचा वेगळा ब्राउझर काढावा लागला. एका खाजगी कंपनीच्या निर्णयाची झळ सामान्य करदात्यापर्यंत कशी पोहोचते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

अर्थात नाण्याला दुसरी बाजूही आहे. खुली मानके संथ गतीने सिद्ध होतात. एचटीएमएल-५ ला अंतिम मान्यता मिळण्यास ऑक्टोबर २०१४ उजाडावे लागले. त्या अवधीत लोकांची गरज खाजगी मंचांनीच भागवली, हे मान्य केले पाहिजे. शिवाय खुलेपणालाही सीमा आहेतच. संरक्षित चित्रपटांना कुलूप लावण्याची व्यवस्था २०१७ मध्ये मानकात समाविष्ट झाली. त्या कुलपाच्या किल्ल्या मात्र खाजगी हातांतच राहिल्या.

म्हणून नवे ते टाळावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. भाड्याच्या घरात राहणे हा काही अपराध नव्हे. पण तेथे स्वतःच्या खर्चाने मजले चढवण्यापूर्वी करार वाचून घ्यावा, एवढे व्यवहारज्ञान सामान्य भाडेकरूपाशीही असते. २०२० च्या महामारीत महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांचे अध्यापन मोठ्या प्रमाणावर खाजगी मंचांवर गेले. पाठ, प्रश्नसंच, ध्वनिचित्रफिती यांचा केवढा तरी साठा शिक्षकांनी परिश्रमपूर्वक तेथे उभा केला. उद्या मालकाने दार लावले, तर हे सामान जसेच्या तसे बाहेर काढून दुसरीकडे मांडता येईल काय? सार्वजनिक पैसा आणि शिक्षकांचे श्रम जेथे गुंतणार आहेत, तेथे मंचाच्या गुणांची यादी वाचण्याआधी हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि त्याचे उत्तर लेखी घेतले पाहिजे. आश्वासने मंचाबरोबर संपतात. त्यावर खर्ची पडलेली वर्षे कोणी परत करीत नाही.