वाऱ्याचा हिशेब आणि विक्रोळीचे टॉवर

विक्रोळीला लागूनच असलेल्या घाटकोपरमध्ये, छेडानगर येथे, 13 मे 2024 रोजी जाहिरातीचा एक अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि 17 माणसे प्राणास मुकली. महापालिकेची कमाल मर्यादा 40 फूट बाय 40 फूट. हा फलक 120 बाय 120 फुटांचा. म्हणजे वारा अडविणारे क्षेत्रफळ नऊपट. मुंबईत ताशी 158 किलोमीटरचा वारा सोसण्याची क्षमता अपेक्षित असताना हा फलक जेमतेम 49 किलोमीटरचा वारा सोसू शकत होता, असे व्ही.जे.टी.आय.च्या अहवालात पुढे आले. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेव्हा वेगातील ही तिपटीची तफावत दाबात दसपटीची होते. हे कळण्यास संगणक लागत नाही. गुणाकार करणारा माणूस आणि तो ऐकून घेणारे कार्यालय, एवढे पुरेसे होते.

संगणक लागतो तो याहून अवघड प्रश्नाला, आणि तो प्रश्न विक्रोळीच्या दारात उभा आहे. कन्नमवारनगरातील म्हाडाच्या जुन्या, बुटक्या इमारतींच्या जागी उंच टॉवर येत आहेत. पश्चिमेस पार्कसाइटची टेकडी, पूर्वेस कांदळवन आणि ठाण्याची मोकळी खाडी. प्रत्येक टॉवरचा वातभार भारतीय मानक 875च्या तिसऱ्या भागानुसार काढता येतो; परंतु टॉवर जेव्हा दाटीने उभे राहतात तेव्हा एकाने वळविलेला वारा दुसऱ्यावर आदळतो, आणि हे परस्परांचे देणेघेणे कोष्टकात पुरतेपणी मावत नाही. इंग्लंडमधील फेरीब्रिज येथे 1 नोव्हेंबर 1965 रोजी वीजकेंद्राच्या आठ शीतक मनोऱ्यांपैकी तीन कोसळले. कोसळले ते मागच्या रांगेतले, पुढच्यांच्या आडोशाला असलेले! आराखड्यापूर्वीची चाचणी एकट्या मनोऱ्याच्या प्रतिकृतीवर झाली होती. समूहाचा विचार झालाच नव्हता.

समूहाचा असा विचार करण्याचे एक साधन म्हणजे संगणकीय प्रवाहगतिकी. इमारतींभोवतालच्या हवेचे लक्षावधी लहान कप्पे कल्पून प्रत्येकातील वेग आणि दाब यांची समीकरणे संगणकाकडून सोडवून घ्यावयाची, असे तिचे स्वरूप. एके काळी त्यासाठी महागडे परवाने घ्यावे लागत. 2004 मध्ये 'ओपनफोम' ही प्रणाली सर्वांस विनामूल्य खुली झाली, आणि विक्रोळीच्या शेजारी पवईत असलेल्या आय.आय.टी.च्या 'फॉसी' प्रकल्पाने तिचे पाठ विद्यार्थ्यांसाठी उपलब्ध करून दिले. साधन फुकट झाले की ज्ञानही स्वस्त झाले, असा समज त्यामुळे सहज होतो. तो भ्रामक आहे. चुकीची माहिती घातली तरी ही प्रणाली पुष्कळदा उत्तर देतेच, आणि तेही सुरेख रंगीत चित्रात.

म्हणून प्रश्न प्रत्यक्ष हात घालून घेतलेल्या प्रशिक्षणाचा आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेत तयार फाइल चालवून प्रमाणपत्र नेणे वेगळे. इंग्लंडमध्येच सिल्सो येथे उघड्या मैदानात सहा मीटरचा घन उभारून वाऱ्याचा दाब मोजला गेला. जपानच्या वास्तुविद्या संस्थेने वातविवरातील मोजमापे खुली केली आहेत. शिकणाऱ्याने आधी हे आकडे आपल्या संगणकावर मिळवून दाखवावेत, कप्पे बारीक केल्यावर उत्तर बदलते का ते पाहावे, आणि छताच्या कडेवरील ओढ किंवा इमारतीमागचे भोवरे यांबाबत आपली पद्धत कोठे फसते हे स्वतः अनुभवावे. 'येथे माझे गणित पुरे पडत नाही, वातविवरात चाचणी करा' असे सांगण्याचे धैर्य त्यातूनच येते. यास महिने लागतात आणि शेजारी बसणारा जाणता गुरू लागतो.

त्याचा खर्च कोणी करावयाचा? अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी 1964 मध्येच दाखवून दिले, की कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडेल असे कौशल्य शिकविण्याचा खर्च मालक सहसा सोसत नाही. शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. खर्च शिकणाऱ्यावर पडतो, आणि ज्यास नोकरी हवी आहे तो दोन दिवसांचे प्रमाणपत्र निवडतो. त्यास दोष देता येत नाही. शिवाय लाभ ज्याला व्हावयाचा तो टॉवरखालून जाणारा पादचारी या व्यवहारात कोठेच नाही. अशा वेळी बाजारावर विसंबणे म्हणजे रंगीत चित्रांची पैदास वाढविणे होय.

पुनर्विकासातून सार्वजनिक तिजोरीत अधिमूल्य जमा होते. त्याचा अल्पसा अंश या शिक्षणाकडे वळविणे अवघड नाही. मात्र त्यात केवळ विद्यार्थी नकोत. नकाशे मंजूर करणारे पालिकेचे अभियंतेही हवेत, कारण चित्र कोठे खोटे बोलते हे त्यांनाच प्रथम ओळखता आले पाहिजे. सरावासाठी परदेशी नमुन्यांनंतर कन्नमवारनगरच घ्यावे: टेकडी, खाडी, उभे टॉवर आणि मंजूर झालेले टॉवर यांसह. तौक्ते वादळात 17 मे 2021 रोजी कुलाब्यास ताशी 114 किलोमीटरचा झोत नोंदला गेला, पण कुलाब्याचा आकडा विक्रोळीच्या गल्लीतला वारा सांगत नाही. त्यासाठी येथील चार-दोन गच्च्यांवर वायुवेगमापक बसवावे लागतील, आणि त्यांच्या नोंदी शिकणाऱ्यांस पडताळणीसाठी खुल्या ठेवाव्या लागतील.