‘एक नंबर’ माल

सकाळी ८.००. आमच्या बायोडिझेल कारखान्याच्या गेटवर टेम्पो येऊन थांबलाय. हॉटेलं, फरसाणवाले, भजीच्या गाड्या यांच्याकडून गोळा केलेलं तळणीचं तेल. “मॅडम, माल एक नंबर आहे, लवकर सोडा.” “दादा, ते ब्युरेट सांगेल,” असं म्हणून मी पिंपाच्या तळापर्यंत नळी घालते. पाणी आणि गाळ तळाशी बसतात. वरचं वाटीभर तेल कुणाचंही चांगलंच निघतं. नमुना कढल्यात तापवला. दोन पिंपांचं तेल तडतडलं, म्हणजे पाणी आहे. ती बाजूला.

आज आलेलं तेल आज घेत नाही, ते निवळायला टाकीत जातं. आजची बॅच आधीच निवळलेल्या १,००० किलोंची.

८.४५. लॅब. एक ग्रॅम तेल, त्यात आयसोप्रोपाइल अल्कोहोल, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, ब्युरेटमध्ये ०.१ नॉर्मल पोटॅश. तेल इतकं काळपट की गुलाबी रंग ओळखायची पंचाईत. म्हणून नमुना थोडाच घ्यायचा आणि फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवायचा. थेंब पडतो, गुलाबी उमटतं, फ्लास्क फिरवला की विरतं. पुन्हा थेंब. रंग अर्धं मिनिट टिकला की नळ बंद. २.५ मिलीलिटर, गुणिले २.८२. सात टक्के मुक्त आम्ल.

दिवसाचा सगळा हिशेब या आकड्यावर. एक टक्क्याच्या आत असतं, तर सरळ पोटॅश आणि मिथेनॉल घालून मोकळे झालो असतो. सात टक्क्यांच्या तेलात पोटॅश आधी आम्लाला भिडतो आणि साबण धरतो. मग ग्लिसरीन खाली बसायचं नाव घेत नाही. “थोडा पोटॅश वाढवा की!” हा सल्ला इथे सगळेच देतात, मालकही. त्याने ७० किलो आम्ल साबणात जातं, वर चांगलं तेलही ओढून नेतं. आम्लाचंच इंधन करावं, हे माझं ठाम मत.

९.१५. तेल ११० अंशांपर्यंत तापवून उरलंसुरलं पाणी उडवतो. मग ६० पर्यंत निवायला ठेवून चहा.

१२.००. मिथेनॉल. एक किलो आम्लामागे सव्वादोन किलो मिथेनॉल आणि ५० ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड. आपल्या ७० किलोंना १५७.५ किलो मिथेनॉल, साडेतीन किलो ॲसिड. ॲसिड मिथेनॉलमध्ये सोडायचं, तेही सावकाश. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे कंडेन्सरचं पाणी चालू आहे ना, हे दोनदा बघते. त्याची आग भर उन्हात डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. मोबाइल, विडी, काडेपेटी सगळं गेटवर.

तासभर ढवळणं. आम्ल आणि मिथेनॉल जुळताना पाणी सुटतं, ७० किलोंमागे साधारण साडेचार किलो. हे पाणी साचलं की क्रिया अडते. सकाळी तेल कोरडं केलं नसतं, तर ती आधीच अडली असती.

३.००. जेवणाच्या सुट्टीत थर सुटलेत. वर मिथेनॉल, पाणी, ॲसिड, खाली तेल. तेल खालून काढून पुन्हा ब्युरेट: ०.३ मिलीलिटर. टक्क्याच्या आत आलो.

३.३०. आता पोटॅश. मागे राहिलेलं ॲसिड मारण्यापुरता जास्तीचा धरून. ६० अंश, एक तास. इथून पुढे नेहमीचंच.

४.४५. २७ मिलीलिटर मिथेनॉलमध्ये ३ मिलीलिटर नमुना हलवला. द्रव स्वच्छ, तळाशी न विरघळलेल्या तेलाचा थेंब नाही. रात्रभर ग्लिसरीन खाली बसेल. उद्या धुणं, वाळवणं आणि शेवटची चाचणी: आयएस १५६०७ प्रमाणे बायोडिझेलची आम्लता ग्रॅममागे ०.५० मिलिग्रॅम पोटॅशच्या वर चालत नाही.

५.३०. निघताना हॉटेलवाल्यांसाठी दोन शब्द. १ जुलै २०१८ पासून, २५ टक्क्यांपेक्षा जास्त ध्रुवीय संयुगं झालेलं तेल तळणीला वापरायला देशात बंदी आहे. ते मोरीत ओतू नका, गाडीवाल्याला स्वस्तात विकू नका. गाळून, कोरड्या डब्यात, झाकण घट्ट लावून ठेवा. आम्लाचं आम्ही बघून घेतो, पाणी तेवढं घालू नका.