हातात धरावयाच्या विद्युत घासणी व पॉलिश यंत्रांचा सुरक्षित वापर

प्रस्तावना

लाकूड, धातू व दगड यांचे पृष्ठभाग गुळगुळीत करण्याचे काम पूर्वी रंधा, कानस आणि पॉलिश पेपर यांच्या साहाय्याने हातांनीच केले जाई. आज त्याच कामासाठी ग्राइंडर, सँडर व पॉलिशर ही हातात धरावयाची विद्युत यंत्रे वापरली जातात. सुताराच्या पिशवीपासून फरशीकाम चाललेल्या इमारतीपर्यंत ती सर्वत्र दिसतात. महाविद्यालयांतील बाके, प्रयोगशाळेची टेबले आणि दारे उन्हाळी सुटीत नव्याने पॉलिश होतात, तीही याच यंत्रांनी. ही तीन यंत्रे दिसावयास सारखी असली तरी त्यांची गती भिन्न आहे. असे असूनही तिन्ही कामे एकाच ग्राइंडरवर उरकण्याची पद्धत रूढ झाली असून गंभीर अपघातांचे मूळ बऱ्याच अंशी याच काटकसरीत आहे. प्रस्तुत लेखात या यंत्रांच्या धोक्यांची कारणमीमांसा केली आहे.

वेगाचे गणित

चार इंची, म्हणजे १०० मि.मी. चकतीचा ग्राइंडर मिनिटाला साधारणतः ११,००० फेरे घेतो. याचा अर्थ चकतीची कड सेकंदाला सुमारे ५८ मीटर, म्हणजेच ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असते. घासण्याच्या वा कापण्याच्या चकतीवर तिला सोसणारा कमाल वेग छापलेला असतो; तो बहुधा सेकंदाला ८० मीटर असतो. याच ग्राइंडरवर सात इंची (१८० मि.मी.) चकती चढविल्यास कडेचा वेग सेकंदाला १०४ मीटरांच्या घरात जातो. चकती फोडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे मर्यादेच्या सव्वापटीहून थोडा अधिक वेग झाला, की ताण सुमारे १.७ पट होतो. फुटलेल्या चकतीचा तुकडा त्याच वेगाने बाहेर फेकला जातो आणि चालकाचा चेहरा हाताच्या अंतरावर असतो.

मोठी चकती गार्ड काढल्याशिवाय बसत नाही, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. गार्ड तुकडे अडविते तसे चुकीची चकती बसविण्यासही अडथळा करते. 'कामात आडवे येते' म्हणून ते काढून टाकले, की दोन्ही संरक्षणे एकदम नाहीशी होतात. काही कारागीर ग्राइंडरला लाकूड कापण्याचे दातेरी पातेही लावतात. लाकडात दाता अडकताच यंत्र क्षणार्धात उसळते आणि आडवी मूठ काढून ठेवलेली असल्यास एका हाताने ते आवरणे शक्य होत नाही. सर्व गैरवापरांत हा प्रकार सर्वांत घातक म्हणावा लागेल.

पॉलिशरचा वेग मिनिटाला सुमारे ६०० ते ३,००० फेरे इतकाच असतो. त्याचे लोकरी आवरण ग्राइंडरवर चढविल्यास पॉलिश जळते, आवरणाच्या चिंध्या उडतात आणि सैल बाही वा उपरणे त्यात गुंतण्याचा संभव असतो. लाकडासाठी बनविलेल्या ऑर्बिटल सँडरची तबकडी मात्र काही मिलिमीटरच्या वर्तुळात हलते. हात कापण्याचे भय त्यात फारसे नसल्याने हे यंत्र निरुपद्रवी भासते. त्याचा धोका धुळीत आहे.

न दिसणारी धूळ

जमिनीवर साचणारा भुसा केवळ त्रासदायक असतो. खरा अपाय हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांपासून होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या घटकांत केला. नाक व त्यालगतच्या पोकळ्यांचा कर्करोग हा त्यातील मुख्य विकार होय. सागवानाच्या धुळीने त्वचेला खाज व पुरळ येते, हे अनेक सुतार अनुभवाने जाणतात. ग्रॅनाइट वा तत्सम दगड कोरडा घासल्यास सिलिकाचे सूक्ष्म कण फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. गुजरातमधील खंभात येथे अकीक घासणाऱ्या कारागिरांत हा रोग दीर्घकाळ आढळत आला आहे.

जुन्या वाड्यांच्या व शाळांच्या दारांचा प्रश्न वेगळा आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वी रंगविलेल्या दारावर सँडर चालविल्यास शिसेयुक्त धूळ खोलीभर पसरू शकते व लहान मुलांना तिचा अपाय सर्वाधिक होतो. असा रंग ओला करून खरवडणे श्रेयस्कर. मात्र ते काम हातांनी करावे, विजेच्या यंत्राने नव्हे.

नाकातोंडास बांधलेला रुमाल सूक्ष्म कण अडवू शकत नाही. त्यासाठी आय. एस. ९४७३ या भारतीय मानकानुसार बनविलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क आवश्यक आहे. त्याहून महत्त्वाचा उपाय म्हणजे सँडरला धूळ खेचणारा व्हॅक्यूम जोडणे. मास्क फक्त घालणाऱ्यापुरता असतो. शेजारी उभ्या मदतनिसाचे रक्षण तो करीत नाही.

वीज आणि आग

यंत्रावर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर ते दुहेरी आवरणाचे असते व त्यास अर्थिंगची तार लागत नाही. परंतु प्लग तोडून उघड्या तारा काडीने सॉकेटमध्ये खोचल्यास त्या आवरणाचा उपयोग राहत नाही. दगडाचे ओले पॉलिश करताना ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच असणे अत्यावश्यक आहे.

फ्रेंच पॉलिशमधील स्पिरिटची वाफ पेटण्यास मोटरच्या कार्बन ब्रशची ठिणगी पुरेशी ठरू शकते. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा तर ठिणगीविनाही पेटतो; तेल वाळताना निर्माण होणारी उष्णता बोळ्यातच कोंडून राहते. अशा चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.

जबाबदारीचा प्रश्न

दोन-चार माणसांची सुतारकार्यशाळा सामान्यतः कायद्यातील 'कारखाना' या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे मास्क कोणी घ्यावयाचा, याचे उत्तर बहुधा 'ज्याचा त्याने' असेच मिळते आणि रोजंदारीवरचा कारागीर तो घेत नाही. काम देणारी संस्था मात्र अटी घालू शकते. गार्ड व मूठ नसलेले यंत्र आवारात आणू नये, धूळ खेचण्याची सोय असावी आणि मास्क व चष्म्यांचा खर्च दरपत्रकात स्वतंत्र दाखवावा, ही कलमे निविदेत घालता येतात. तो खर्च स्वतंत्र दाखविला नाही, तर सर्वांत कमी दर भरण्याच्या स्पर्धेत नेमका तोच प्रथम वगळला जातो.