गब्बरच्या मिशीला काजळ

आज खरं तर कर्जाच्या नोंदवहीबद्दल बोलायचं ठरलं होतं. पण आमच्या ग्रामसंघाने आठ मार्चला जो 'शोले' दाखवला, त्याबद्दल इतके फोन आले की वही पुढच्या मंगळवारी. काहींना खर्च विचारायचा होता. काहींचं म्हणणं, बायकांनी मिश्या लावायची काय गरज होती? एका काकूंनी तर सरळ विचारलं, "हा तमाशा कुणी शिकवला तुम्हाला?" काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे. चहा ठेवा आणि ऐका.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोळा मिनिटांचा पिक्चर, मोबाईलवर काढलेला, शाळेच्या प्रोजेक्टरवर दाखवलेला. सगळ्या भूमिका बायकांनी केल्या. जय-वीरू, ठाकूर, गब्बर आणि त्याची टोळीसुद्धा. याला विडंबन म्हणतात. आपल्याकडे ते नवीन नाही. अत्र्यांनी 'झेंडूची फुले' १९२५ साली काढलं, तेव्हाच्या कवींच्या कविता उलट्यापालट्या करून. भारुडात साडी नेसलेला बाप्या असतोच. तमाशाच्या गवळणीत मावशी कोण असते? पुरुषच. ती ठुमकत आली की आपली आजीसुद्धा पदर तोंडाला लावून हसते. तेव्हा सोंग आपल्या घरचंच आहे. आम्ही फक्त ते पिक्चरला लावलं.

विडंबनाला पहिली गोष्ट लागते ती म्हणजे सगळ्यांच्या तोंडपाठ असलेलं मूळ. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला. त्या वेळी आमच्यातल्या निम्म्या जन्मल्याही नव्हत्या, तरी गब्बर सगळ्यांना ठाऊक. मूळ माहीत नसेल तर बदल कळत नाही, आणि बदल कळला नाही तर हसू येत नाही. दुसरी गोष्ट, सांगाडा तोच ठेवायचा आणि आत आपलं सामान भरायचं. सगळंच बदललं तर ते विडंबन राहत नाही, आणि काहीच नाही बदललं तर ती नुसती नक्कल होते.

हे आम्ही शिकलो मालेगावकडून. नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव म्हणजे यंत्रमागाचं गाव. दिवसरात्र माग चालतात, शुक्रवारी सुट्टी आणि सुट्टीला पिक्चर. तिथे शेख नासिर नावाचे एक गृहस्थ व्हिडिओ पार्लर चालवायचे. त्यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. खर्च सांगतात सुमारे पन्नास हजार रुपये. खऱ्या 'शोले'ला तीन कोटींच्या आसपास लागले होते, आणि तेही १९७५ चे. मग पैशाच्या जागी डोकं वापरलं. घोडे नाहीत, तर डाकू सायकलवरून आले. आगगाडी परवडत नाही, तर एसटी. गब्बरसिंगचा झाला रबरसिंग, बसंतीची झाली बासमती. कॅमेरा पुढे सरकवायचा तर तो सायकलवर धरायचा, उंचावर न्यायचा तर बैलगाडीच्या दांडीला बांधायचा. संकलन दोन व्हीसीआर जोडून. यात काम करणारे बहुतेक मागावरचे कामगार. दिवसाची मजुरी बुडवून यायचे.

पुढे त्यांनीच मालेगावचा सुपरमॅन केला. फैझा अहमद खान यांनी तो होताना टिपला आणि 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ साली तयार झाला. आमच्या प्रशिक्षणात तो दाखवला, तिथून हे वेड लागलं. त्यातला सुपरमॅन हडकुळा, त्याला दमा, धुळीने खोकणारा. खलनायक गावभर घाण आणि तंबाखू पसरवणारा. सगळा हॉल हसत होता. नंतर कळलं की सुपरमॅन झालेले शफीक शेख मागावरचेच कामगार होते आणि २०११ साली तोंडाच्या कर्करोगाने गेले. माहितीपट संपल्यावर आमच्या एका मावशींनी कमरेची मिश्रीची डबी काढून बघितली आणि परत खोचली. सोडली असं खोटं सांगणार नाही. रीमा कागती यांनी या मंडळींवर केलेला 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये आला, तोही बघा.

पण एक गोष्ट आम्हाला तेव्हाच खटकली होती. मालेगावच्या पिक्चरमध्ये मालेगावच्या बाया नाहीत. गावातली कुणी पडद्यावर यायला तयार नव्हती, म्हणून नायिका बाहेरगावाहून आणायच्या. आम्ही त्यांना नावं ठेवत नाही. आमच्याच गावात कुणाची पोर पडद्यावर गेली असती तर लग्नाच्या वेळी काय झालं असतं, ते आम्हाला ठाऊक आहे.

हेच दुखणं फाळक्यांचंही होतं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीला बाई मिळेना. नाचगाणं करणाऱ्या बायकांनीसुद्धा नाही म्हटलं. शेवटी ग्रँट रोडच्या उपाहारगृहात कामाला असलेले अण्णा साळुंके तारामती झाले. महिना दहा रुपयांच्या जागी पंधरा देऊन आणले असं सांगतात. त्यांनीच १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही केल्या. बाई पडद्यावर आली ती १९१३ च्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, मायलेकी दोघी. आणि सरस्वतीबाई फाळके? दागिने त्यांचे गहाण, फिल्मला भोकं पाडायचं काम त्यांचं, मंडळींचा स्वयंपाक त्यांचाच. बचत गटातल्या कुणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल.

आता आमचं सांगतो. आमच्या 'शोले'तला गब्बर डाकू नाही, तो खाजगी कर्जाची वसुली करणारा आहे. मुळात तो धान्य न्यायला येतो, आमच्याकडे हप्ता न्यायला. दाराशी उभा राहून विचारतो, "किती हप्ते राहिले गं?" टोळीला घोड्यांऐवजी गाड्या द्यायच्या होत्या, पण आमच्यात स्कूटी एकीकडेच. मग तीच स्कूटी तीनदा आली, दर वेळी फेटा बदलून. तिसऱ्या वेळी पोरांनी ओळखलं आणि शिट्ट्या वाजवल्या. गब्बर रात्री साडेसातला बसंतीच्या दारात येतो तेव्हा बसंती भिंतीवरचं घड्याळ काढून त्याच्या नाकापुढे धरते. कारण रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे, सूक्ष्मकर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तगादा लावता येत नाही. हा नियम आम्ही बैठकीत चार वेळा वाचून दाखवला होता, कुणाच्या लक्षात राहिला नाही. आता लहान पोरं गल्लीत हातात घड्याळ धरून पळतात.

खर्च सगळा मिळून अकराशे ऐंशी रुपये. त्यातले सहाशे जेवणाचे. बाकी पुठ्ठा, काळा रंग, बॅटरी सेल. धोतरं सासऱ्यांची, मिश्या जुन्या गंगावनाच्या, वरून काजळ. कॅमेऱ्याची घोडी म्हणजे दुधाचा कॅन. माळावर वारं फार, आवाज काही कळेना, म्हणून सगळी बोलणी याच केंद्रात येऊन पुन्हा बोललो. पंखा बंद, अंगावर गोधडी, एकावेळी दोघी. ज्यांना करायचंय त्यांनी आवाजाचं आधी बघा. चित्र हललेलं चालतं, बोलणं कळलं नाही तर माणसं उठून जातात.

आता मिशीचं. याच्या तळाशी एक वेगळी गोष्ट आहे, ती सांगायला परवानगी घेतली आहे.

चार वर्षांपूर्वी आमच्याच हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात गावातल्या तरुणांनी एक आयटम केला. साडी नेसलेला पोरगा, छातीला नारळाच्या करवंट्या, चालणं वाकडं. बाईचा रंग, बाईचं वजन, बाईची बडबड यावर विनोद. मग दुसरा पोरगा टाळ्या वाजवत तृतीयपंथी होऊन आला. आम्ही हसलो. मोठ्याने हसलो. आमच्या गटातल्या एक ताई मात्र मध्येच उठून गेल्या आणि पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. दंड लावला आम्ही, वीस रुपये. दंड भरायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "माझा पोरगा कॉलेजला जातो तर पारावरची पोरं त्याला बायल्या म्हणतात. तो आयटम त्याच्यावर होता. तुम्ही सगळ्या हसलात." वीस रुपये टेबलावर ठेवून गेल्या. ते कुणी उचलेना.

तेव्हापासून आम्ही विचार करतोय की तीच साडी आणि तोच पुरुष, मग एका वेळी का टोचतं आणि एका वेळी का नाही. 'अशी ही बनवाबनवी' बघा, १९८८ चा. लक्ष्या आणि सचिन साडी नेसतात, कारण भाड्याने खोली मिळत नाही. हसू येतं ते त्यांच्या फजितीचं, ढळणाऱ्या पदराचं, खोटं उघड पडेल या भीतीचं. बालगंधर्व साडी नेसायचे तेव्हा तर हसण्याचा प्रश्नच नव्हता, बायका त्यांच्या नेसण्याची नक्कल करायच्या. उलट 'नटरंग'मधला गुणा. तो पैलवान, नाच्या होतो आणि गाव त्याची काय दशा करतं ते आपण पाहिलं आहे. तिथे सोंग वाईट नव्हतं, बघणारे वाईट होते.

परदेशातलंही एक उदाहरण वाचनात आलं. अमेरिकेत लॉस एंजेलिसला १९६० च्या दशकात काही पुरुष मित्रांची टोळी होती. साड्या नाही, पण झगे आणि केसांचे टोप घालून गाजलेल्या पिक्चरची विडंबनं छोट्या कॅमेऱ्यावर काढायची. १९६२ साली दोन म्हाताऱ्या नटी बहिणींच्या भांडणाचा 'व्हॉट एव्हर हॅपन्ड टू बेबी जेन' गाजला, तर यांनी वर्षभरात आपला 'बेबी जेन' काढला. हे पुरुष पुरुषांवर प्रेम करणारे होते आणि तेव्हा तिथे तो कायद्याने गुन्हा होता. आपल्याकडे २०१८ पर्यंत होता, तेव्हा त्यांना हसायला नको. झगा घातला म्हणून ज्यांना लोक हसायचे, त्यांनी हसण्याचा कासरा आपल्या हातात घेतला, असं आम्हाला त्यात दिसलं. आणि त्या नट्यांवर त्यांचा जीव होता. जीव असल्याशिवाय इतक्या बारकाईने नक्कल जमत नाही.

म्हणून आम्ही आमच्या 'शोले'साठी एक ठरवलं. चेष्टा करायची ती ज्याच्या हातात काठी आहे त्याची. बाईने मिशी लावली की तिच्यातली बाई हसण्यासारखी होत नाही, ती मिशीच हसण्यासारखी होते. खाकरणं, मांडी पसरून बसणं, "ए, पाणी आण" म्हणणं. आमच्या गब्बर झालेल्या अक्का घरी सासऱ्यांपुढे मान वर करत नाहीत. माळावर त्यांनी अशी काही खाकरी दिली की टोळीतल्या दोघी खरंच दचकल्या. "हे कुठून शिकलात?" म्हटलं, तर म्हणाल्या, "तीस वर्षं ऐकतेय की." आणि मिश्या कुणी रंगवल्या? त्याच ताईंच्या मुलाने. त्याचा हात फार सफाईचा आहे. काम संपल्यावर त्याने स्वतःच्या डोळ्यांतही काजळ घातलं, कुणी काही बोललं नाही. वीस रुपये आम्ही परत केले, ताईंनी ते पुठ्ठ्याच्या खर्चात टाकले.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. 'शोले'तल्या ठाकूरचे हात कापलेले असतात. आमचा ठाकूर म्हणजे महिला सरपंच. शाल अंगावर, हात आत. ग्रामसेवक कागद पुढे करतो आणि ती म्हणते, "सही ह्यांच्याकडे आहे." आपल्या राज्यात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या, तरी बऱ्याच ठिकाणी सही कुणाची आणि शिक्का कुणाच्या खिशात, ते तुम्ही जाणता. त्या प्रसंगाला सगळ्यात मोठा हशा झाला.

आमच्या सरपंचताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. हसल्या नाहीत. चहासुद्धा न घेता गेल्या. रात्रभर आम्हाला झोप नाही. काठी असलेल्याची चेष्टा करायची म्हणून आम्ही ठरवलं होतं, आणि त्यांच्या हातात कुठे होती काठी? सोळा मिनिटं कमी पडू नयेत म्हणून घाईत लिहिलेला प्रसंग होता तो, पण हे काही कारण झालं नाही.

आठ दिवसांनी त्या स्वतःहून बैठकीला आल्या. आम्ही माफी मागायला तोंड उघडलं, तर हाताने थांबवलं. म्हणाल्या, "हात कापलेले दाखवलेत. कापले कुणी, ते कुठे दाखवलंत? गब्बरने माझे हात नाही कापले." आणि शिक्का पर्समधून काढून मांडीवर ठेवला. तो कसा परत मिळवला ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

म्हणून पिक्चरला आणखी चार मिनिटं जोडतोय. त्यात सरपंचाचा नवरा आहे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. ही भूमिका सरपंचताई स्वतः करणार म्हणताहेत. घरातून काय होईल ते बघू. शूटिंग येत्या रविवारी सकाळी सात वाजता, ऊन व्हायच्या आत, समाजमंदिराच्या मागे. ज्यांच्या घरी मोठ्या मापाचा पांढरा शर्ट असेल त्यांनी शनिवारपर्यंत आणून द्या, धुऊन परत मिळेल. काजळाची डबी मात्र आपापली आणा.